मुलीची भेट हवी, तर वेळापत्रक लिहून कोर्टात जा

पत्र: मी 38 वर्षांचा, इंदूरला खासगी कंपनीत नोकरीला आहे. घर विजय नगरला, सोबत आई. दसऱ्यानंतर बायको आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलीला घेऊन राजेंद्र नगरला माहेरी गेली. डिसेंबरमध्ये तिने कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावला, सोबत भरण-पोषणाचा अर्ज. मुलगी पहिलीत आहे, शाळा तीच आहे. तीन महिन्यांत मला ती दोनदा दिसली, दोन्ही वेळा शाळेच्या फाटकाशी. फोन केला की ‘झोपली आहे’ किंवा ‘अभ्यास करतेय’. आता कानावर आलंय की बायकोला पुण्यात नोकरी मिळतेय आणि एप्रिलपासून मुलीला तिकडच्या शाळेत घालणार. माझे वकील म्हणतात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या पेशीला मध्यस्थीला पाठवतील, तोवर थांबा. आई म्हणते, बाप आहेस, शाळेतून सरळ घरी घेऊन ये. मित्र म्हणतात, फी बंद कर, आपोआप भेटवतील. निकाल लागेपर्यंत मुलीला भेटायचंच नाही का? मला पूर्ण ताबा मागायचा आहे, मिळेल का?
— एक बाप, विजय नगर, इंदूर

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी त्या दोन गोष्टी, ज्या रागाच्या भरात आज-उद्याच तुमच्या हातून होऊ शकतात आणि ज्या अजिबात करायच्या नाहीत: मुलीला शाळेतून परस्पर आणणं आणि फी थांबवणं.

1956 च्या हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्याच्या कलम 6 प्रमाणे तुम्ही नैसर्गिक पालक आहात, त्यामुळे तुमच्या आईंचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. पण त्या एका दुपारनंतर काय काय घडतं ते बघा. संध्याकाळपर्यंत बायको ठाण्यात अर्ज देते. आठवड्याभरात घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरत्या ताब्याची मागणी येते, नाहीतर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे मुलीला कोर्टापुढे हजर करायला लावणारी, याचिका. शाळा घाबरते आणि लेखी आदेश आणा म्हणून हात वर करते. आणि तुम्ही भेटीचा अर्ज केलात, की समोरच्या वकिलाला बहस करायला एक वाक्य पुरतं: ‘यांच्याकडे मुलगी दिली तर परत येणार नाही.’ त्या वाक्यापुढे मोकळ्या भेटी मिळणं अवघड होतं आणि कोर्टाच्या खोलीत, देखरेखीखालची तासाभराची भेट पदरी पडते.

बायकोनेही दसऱ्यानंतर तेच केलं, मग तिला कुणी का विचारत नाही, हे तुमच्या मनात येणार. रास्त आहे. तीन महिने बापाला मुलीशी फोनवरही बोलू न देणं याचं समर्थन कुठल्याच कोर्टात नीट होत नाही. पण त्याचा उपयोग अर्जातच होतो: कोणत्या तारखेला गेली, सांगून गेली की न सांगता, त्यानंतर तुम्ही किती वेळा भेट मागितली, काय उत्तर आलं. तारखा द्या, विशेषणं गाळा. अलीकडे अशा अर्जांत ‘पॅरेंटल एलिएनेशन’ (एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध फिरवणं) हे नाव चिकटवायची टूम निघाली आहे. तीन महिन्यांच्या दुराव्याला ते नाव दिलं की समोरून तितकंच भारी काहीतरी परत येतं.

फीचं. भेट आणि खर्च ही दोन वेगळी खाती आहेत, एकाची थकबाकी दुसऱ्यात वळती होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालात भरण-पोषण अर्जाच्या तारखेपासून द्यायचं असं सांगितलं आहे, म्हणजे आज वाचवलेले पैसे पुढे एकरकमी अंगावर येतात. शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात भरा, पावतीवर मुलीचं नाव असू द्या. घरखर्चासाठी जमेल ती रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बायकोच्या खात्यात पाठवा. रोख एक रुपयाही नको, तिच्या भावाच्या हाती तर नकोच. त्याच निकालाप्रमाणे उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं शपथपत्र ठरावीक नमुन्यात दोघांनाही द्यावं लागतं. तुमचं आधी तयार ठेवा. भेटीसाठी घाई करणारा माणूस पगारपत्रकासाठी तीन पेशा मागतो, तेव्हा जज साहेबांच्या नजरेतून ते सुटत नाही.

आता पूर्ण ताबा. पत्रात जे आहे तेवढ्यावरून बोलायचं तर अंतरिम टप्प्यावर तो मिळण्याची शक्यता फार कमी आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, असा कायदा आहे. तुमची मुलगी ते वय ओलांडून गेली आहे. पण खरी मोजपट्टी त्याच 1956 च्या कायद्याच्या कलम 13 ची, मुलाच्या हिताची. त्या मोजपट्टीवर आज दिसतं ते असं: शाळा तीच, शहर तेच, मुलगी आईजवळ, वय साडेसहा. हे हलवायला काहीतरी ठोस लागतं: मारहाण, व्यसन, शाळेतली सततची गैरहजेरी, औषधपाण्याची हेळसांड. तसं काही असतं तर तुम्ही पत्रात ते पहिल्याच ओळीत लिहिलं असतं. नसताना ताबा मागितला, की ती आई म्हणून कशी वाईट हे तुम्हाला लिहावं लागतं, उत्तरात तुम्ही बाप म्हणून कसे वाईट ते येतं, आणि मुलीची भेट मागे राहून आरोपांवर बहस चालू होते. अर्जात एक ओळ घाला की मुख्य ताब्याचा हक्क राखून सध्या भेटीची मागणी आहे. आणि वेळ मागा. वेळ मागणाऱ्या बापाला ‘नाही’ म्हणणं कोर्टालाही जड जातं.

निकाल लागेपर्यंतची ही व्यवस्था तात्पुरती म्हणवली जाते, म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. आमच्या मते सगळ्या खटल्यात तुम्हाला सर्वांत जपून लिहायचं आहे ते हेच अर्धं पान. दावा वर्षानुवर्षं चालला तर तुमची मुलगी त्या अर्ध्या पानावर मोठी होते. शिवाय शेवटी ताब्याचा निर्णय देताना आतापर्यंत काय चालत आलंय हे पाहिलं जातं, आणि जे सुरळीत चाललंय ते मोडायला कुणी धजत नाही.

अर्ज कोणता? बायकोचा दावा 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालचा आहे, तेव्हा त्याच फाइलीत कलम 26 चा अर्ज देता येतो. मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांवर दावा चालू असताना कोर्ट वेळोवेळी अंतरिम आदेश देऊ शकतं, असं ते कलम आहे. ‘वेळोवेळी’मुळे पुढे गरजेप्रमाणे बदलही मागता येतो. मात्र यात एक मेख आहे. बायकोने उद्या मूळ दावा मागे घेतला, तर त्याच्या आधारावर उभा असलेला अंतरिम आदेशही सहसा त्याच्याबरोबर जातो. म्हणून 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली तुमची स्वतःची वेगळी याचिकाही त्याच न्यायालयात लावून ठेवा आणि तिच्यात कलम 12 चा अंतरिम अर्ज जोडा. खर्च थोडा वाढतो, पण पायाखालची जमीन तुमची स्वतःची राहते. वकिलांना याबद्दल नेमकं विचारा. ‘एकच पुरेल’ असं उत्तर आलं तर कारण विचारा.

थांबा म्हणणारे तुमचे वकील अर्धे बरोबर आहेत. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 9 प्रमाणे कोर्टाला आधी समेटाचा प्रयत्न करावाच लागतो, आणि तिथे आडमुठेपणा केलात तर फाइलीत तुमच्याबद्दल वाईट नोंद होते. पण मध्यस्थी चालू असताना भेटीचा अर्ज देऊ नये, असा काही नियम नाही. उलट पेशीच्या आधीच अर्ज दाखल करा, समोरच्या वकिलांना प्रत द्या, लवकर सुनावणीचा छोटा अर्ज सोबत जोडा. म्हणजे मध्यस्थीला पाठवताना तुम्ही म्हणू शकता: ‘मध्यस्थी होईपर्यंत निदान रविवारच्या तीन तासांचं लिहून द्या.’ एवढं बऱ्याचदा पहिल्याच पेशीला मिळून जातं. मध्यस्थी केंद्रात काही ठरलंच, तर दोघांच्या सह्यांचा तो कागद जज साहेबांसमोर ठेवून आदेश पत्रिकेत उतरवून घ्या आणि त्याची प्रमाणित नकल काढा. केंद्रातला कागद केंद्रातच राहिला, तर तो पाळला नाही म्हणून पुढे कुणाला काही विचारता येत नाही.

पुण्याचा प्रश्न मात्र थांबण्यासारखा नाही. शाळांचं नवं वर्ष एप्रिलला उघडतं, म्हणजे टीसी मार्चमध्ये निघते. अर्जात वेगळी मागणी लिहा: या अर्जावर निर्णय होईपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलीची शाळा बदलू नये आणि तिला कायमच्या वास्तव्यासाठी इंदूरबाहेर नेऊ नये. ‘कायमच्या वास्तव्यासाठी’ हे शब्द गाळू नका. नाहीतर ती मावशीच्या लग्नाला नाशिकला गेली तरी भांडण, आणि तुमची मागणीही सूडाची दिसते. पालक व पाल्य कायद्याच्या कलम 9 प्रमाणे मूल सामान्यतः जिथे राहतं तिथलं न्यायालय हा विषय ऐकतं. आज ते इंदूर आहे, यात वाद नाही. म्हणूनच अर्ज आज द्यायचा. मुलगी पुण्याच्या शाळेत सहा महिने जाऊन आली की हाच साधा मुद्दा वादाचा होतो, आणि खटला दुसऱ्या राज्यात वर्ग करायचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा असल्याने ती धावपळ दिल्लीपर्यंत जाते.

शाळेच्या मुख्याध्यापकांना एक सभ्य पत्र द्या: मी वडील आहे, फी मी भरतो, प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची सूचना मलाही मिळावी, टीसीचा अर्ज आल्यास कळवावं. एवढंच. वकिलाची नोटीस शाळेला पाठवू नका. त्याचा ताप शेवटी वर्गात बसलेल्या मुलीलाच होतो.

आणि मनाची एक तयारी ठेवा. आईला खरोखर चांगली नोकरी मिळत असेल तर कोर्ट तिला कायमचं अडवून धरेलच असं नाही. म्हणून पर्यायी मागणी त्याच अर्जात लिहून ठेवा: परवानगी दिलीच तर महिन्यातून एक शनिवार-रविवार तुम्ही पुण्याला जाऊन भेटाल, सुट्ट्यांतला मोठा हिस्सा तुमच्याकडे, रोजचा व्हिडिओ कॉल, आणि मुलीच्या इंदूरच्या फेऱ्यांचा खर्च कुणी किती करायचा. पर्याय नसेल तर परवानगीच्या आदेशात तुमच्या वाट्याला एक मोघम ओळ येते.

त्या मोघम ओळीबद्दलच आता सविस्तर. आपल्याकडे आदेश या धाटणीचा निघतो: ‘अनावेदक को माह में दो बार अवयस्क पुत्री से मिलने दिया जाए।’ वाचून बरं वाटतं. पहिल्याच रविवारी कळतं की कोणते दोन वार, किती वाजता, कुठे, कोण आणणार, किती वेळ थांबायचं, ताप असेल तर काय, यातलं काहीच त्यात नाही. जे लिहिलेलं नाही ते दर वेळी फोनवर ठरवावं लागतं, आणि फोनवर तर तुम्ही दोघं बोलत नाही. यात कोर्टाचा दोष थोडा. तुमच्या अर्जात ‘भेटीची परवानगी मिळावी’ एवढंच असेल, तर तेवढंच मिळणार. वेळापत्रक तुम्ही लिहून न्या. जज साहेब दोन ठिकाणी खोडतील, बाकीचं तसंच उतरेल.

टप्पे पाडा. तीन महिन्यांच्या खंडानंतर साडेसहा वर्षांच्या मुलीला थेट दोन रात्री मागितल्या तर ‘ती घाबरेल’ हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नसेल. पहिले चार रविवार सकाळी 10 ते दुपारी 1. नंतरचे आठ आठवडे दर रविवारी 10 ते 6, तुमच्या घरी. त्यानंतर एक आड एक शनिवार सकाळी 10 ते रविवार संध्याकाळी 6, एका रात्रीच्या मुक्कामासह. पुढचा टप्पा नव्या अर्जाशिवाय आपोआप सुरू होईल, हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. आणि टप्पा तारखेने मोजा, झालेल्या भेटींनी नव्हे. ‘चार भेटी पूर्ण झाल्यावर’ असं लिहिलंत की चौथी भेट कधीच होत नाही.

‘पहिला आणि तिसरा शनिवार-रविवार’ ही लोकप्रिय भाषा टाळा. महिना रविवारी सुरू झाला तर पहिला रविवार 1 तारखेला आणि पहिला शनिवार 7 ला. 2026 मध्ये फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर असेच आहेत. मग पहिला शनिवार-रविवार कोणता? पाच शनिवारांच्या महिन्यात तिसऱ्यापासून पुढच्या पहिल्यापर्यंत तीन आठवड्यांची खिंड पडते ती वेगळीच. त्यापेक्षा सुरुवातीची तारीख देऊन मोजा: पहिली भेट रविवार 22 फेब्रुवारी 2026, आणि तिथून पुढच्या तारखा बारा महिन्यांच्या छापील कॅलेंडरवर खुणा करून अर्जाला जोडा. कॅलेंडर जोडलेलं असलं की भेट कोणत्या रविवारी हा वादच उरत नाही.

ठिकाण. छप्पन दुकान, राजवाडा असलं काही सुचवू नका. रविवारी तिथे गाडी लावायलाच वीस मिनिटं जातात, आणि मुलीला सोपवायची ती दहा मिनिटं गर्दीत, हॉर्नमध्ये जातात. पहिल्या तीन तासांच्या भेटींना मेघदूत उपवन किंवा नेहरू पार्क ठीक. पण पुढे जुलैच्या पावसात काय, याचा छपराखालचा पर्याय त्याच ओळीत द्या. सोपवायची जागा दोन्ही घरांच्या साधारण मध्ये, बसायला बाक असलेली, पहारेकरी किंवा कॅमेरा असलेली शोधा. आणायला आई स्वतः किंवा नाव लिहून दिलेली एकच व्यक्ती. उशिराची मर्यादा 30 मिनिटं. मुक्काम सुरू झाले, की शुक्रवारी शाळा सुटल्यावर घेणं आणि सोमवारी शाळेत सोडणं असा बदल मागता येतो; त्यात तुम्हा दोघांची गाठच पडत नाही. मात्र त्याला आदेशाची प्रत शाळेत द्यावी लागते.

आजारपणाचं कलम सगळ्यात जास्त वापरलं जातं, म्हणून ते घट्ट बांधा. सकाळी 8 च्या आत संदेश, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, आणि हुकलेली भेट पुढच्या रविवारी त्याच वेळी. पहिलीतल्या मुलीची परीक्षा हे भेट रद्द करण्याचं कारण नाही, अभ्यास तुम्ही करून घ्याल, हेही लिहा. आणि तो खरंच करून घ्या.

फोनसाठी आधार आहे. यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला, खास कारण नसेल तर, रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं. वेळ लिहा, 7.30 ते 7.45, नंबर लिहा, कॉल कोण लावणार ते लिहा, लागला नाही तर 8.15 ला एकदा. साडेसहा वर्षांचं मूल स्क्रीनसमोर दहा मिनिटं बसत नाही, हे ध्यानात ठेवा. ‘काय जेवलीस, काय शिकवलं’ दोन मिनिटांत संपतं. रोज गोष्टीची दोन पानं वाचून दाखवा, पुढचं उद्या म्हणून थांबा. ती चौथ्या मिनिटाला पळाली तर आईने पळवली असं समजू नका.

सण वाटताना कागदावरची मोठी नावं बघू नका, तुमच्या मुलीचे सण बघा. गणपतीची स्थापना एकाकडे, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) दुसऱ्याकडे, आणि पुढच्या वर्षी उलट. इंदूरच्या मुलाला धुळवडीपेक्षा रंगपंचमी जवळची, तेव्हा गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, दिवसाचं वेगळं लिहा. दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज सम-विषम वर्षांनी वाटा. वाढदिवसाला ज्याच्याकडे मुलगी नसेल त्याला संध्याकाळचे दोन तास. उन्हाळी सुट्टीचा निम्मा भाग मागा, पण या वयाला सलग नको. सात-सात रात्रींचे तुकडे करा. हा सुट्टीचा भाग मार्चअखेर मंजूर करून घ्या, कारण मे महिन्यात कोर्टालाही सुट्ट्या लागतात.

पुराव्याचं थोडक्यात. भेटीची विनंती करणारे तुमचे संदेश आणि आलेली उत्तरं तारखेनुसार लावा. तुमचं घरातलं बोलणं मराठीत असणार आणि कोर्टाचं कामकाज हिंदीत, तेव्हा प्रत्येक संदेशाचं हिंदी भाषांतर शपथपत्रासह समोरासमोर द्या. ऐन बहसेत वकील तोंडी भाषांतर करू लागले की समोरचे हरकत घेतात आणि पेशी जाते. कुटुंब न्यायालयाला पुराव्याच्या नियमांत बरीच मोकळीक आहे (1984 च्या त्याच कायद्याचं कलम 14), तरी मोबाइलवरच्या मजकुरासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. सगळे संदेश देऊ नका. ज्यांतून भेट मागितली आणि मिळाली नाही एवढंच दिसतं, ते निवडक द्या. तुमच्या रागाचे संदेश समोरचे देणारच आहेत. ते वकिलांना आधी दाखवून ठेवा. मुलीचं रडणं, तिची उत्तरं, ‘सांग, तुला कुणाकडे राहायचंय’, असलं काही रेकॉर्ड करू नका. गरज वाटली तर जज साहेब मुलीशी स्वतः चेंबरमध्ये बोलतात, आणि पढवलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं.

पहिली भेट बहुधा तुम्हाला वाटतेय तशी होणार नाही. ती आईचा दुपट्टा धरून उभी राहील, तुमच्याकडे बघणारही नाही. पुढे होऊन उचलू नका. जमिनीवर बसा. तिच्या खोलीतली ओळखीची एखादी वस्तू न्या, अर्धवट रंगवलेलं चित्रांचं पुस्तक, जुनी बाहुली. नवं महागडं खेळणं नको. ते घरी नेलं की तिथे त्यावरून बोलणं होतं आणि मुलगी मधल्या मध्ये अडकते. आईला पहिली दहा-पंधरा मिनिटं जवळ बसू द्या, मग तिने दिसेल इतक्या अंतरावर जावं, असं आधीच ठरवा. आईबद्दल, आजोळाबद्दल, पुण्याबद्दल एकही प्रश्न नाही. ‘लवकरच आपल्या घरी नेतो’ हे वचन तर मुळीच नाही. एक वाजता निघायचं असेल तर पाऊण वाजता तिला सांगा, आणि एकला निघा. वेळेवर परत केलेल्या पहिल्या चार भेटी पुढच्या टप्प्याच्या वेळी तुमच्या वकिलांपेक्षा जास्त बोलतात. पहिल्या दोन भेटींना एकटेच जा. तिसऱ्यापासून तुमच्या आईंना न्या, आणि आजी सोबत असू शकेल, हे वेळापत्रकातच लिहून घ्या. तुमच्या आईंचा राग निम्मा नातीच्या विरहाचा आहे.

आदेश झाल्यावरही एखाद्या रविवारी मुलगी आली नाही, तर काय? ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचा, 30 मिनिटं थांबा, तिथूनच एक ओळीचा संदेश पाठवा: ‘10 पासून इथे आहे, 10.30 ला निघतो, बदली भेट पुढच्या रविवारी.’ राजेंद्र नगरला जाऊन दार वाजवू नका, शंभर नंबर फिरवू नका. पोलीस कोर्टाचाच रस्ता दाखवतात आणि गल्लीभर तमाशा होतो तो वेगळा. वहीत तारीख, वेळ आणि एक ओळ, बस. एक भेट हुकली तर सोडून द्या. ओळीने दोन हुकल्या तर त्याच न्यायालयात अर्ज: हुकलेल्या तासांची भरपाई, सोपवायची जागा बदलणं, पहिल्या काही भेटींना कोर्टाचा समुपदेशक हजर ठेवणं, खर्च. आदेशाच्या अवज्ञेसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आणि अवमान कायद्यात कडक उपाय आहेत, पण ते पहिल्या महिन्यात काढू नका. मुलीच्या आईला तुरुंगाची भीती घालणाऱ्या अर्जावर कोणताच जज खूश नसतो, आणि मुलगी तर त्याच घरात राहते.

आदेश मनासारखा आला नाही तर? कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम 19 अंतरिम स्वरूपाचे आदेश अपिलातून वगळतं, म्हणून साधारणपणे घटनेच्या कलम 227 खाली इंदूर खंडपीठात याचिका करावी लागते. तिथे आदेशातली ठळक चूक बघितली जाते, तीन तासांचे पाच केले जात नाहीत. तासांसाठी त्याच न्यायालयात, दोन-तीन महिने भेटी नीट झाल्यावर, नोंदवही जोडून बदलाचा अर्ज करणं जास्त फळतं.

तेव्हा या आठवड्यात वकिलांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वेळापत्रकाचा कच्चा मसुदा, खुणा केलेलं कॅलेंडर, फीच्या पावत्या, निवडक संदेश आणि त्यांचं हिंदी भाषांतर न्या. अर्ज जानेवारी संपायच्या आत दाखल झाला, तर समोरच्यांना प्रत मिळून पेशीपर्यंत त्यांचं उत्तर येऊ शकतं. पेशीच्या दिवशीच दिला, तर ‘जवाब के लिए समय’ म्हणून पुढची तारीख पडेल, ती मार्चची असेल, आणि टीसी मार्चमध्येच निघते.